त्या झाडाचे पुढे काय झाले?

सासूबाईंना इंग्रजी येत नव्हते आणि हिंदी बाजारापुरतीच यायची, त्यामुळे दूरचित्रवाणीवर बागकामाचा कार्यक्रम लागला की त्या आधी आवाज बंद करायला सांगत. "बोलणं नको, हात बघू दे त्याचे," असे म्हणून त्या खुर्ची पुढे ओढून घेत, चष्मा पदराने पुसत, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या अरुंद माजघरातून पुढचा अर्धा तास कोणी मधून गेलेले त्यांना खपत नसे. पहिला निकाल बहुधा दोन मिनिटांत लागे. निवेदकाने ट्रेमधले कोवळे रोप उचलताना ते खोडाला चिमटीत धरले, की त्या मागे टेकत आणि "गेलं ते" एवढेच म्हणत.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, पण ही गोष्ट मला पुस्तकातून नव्हे, त्या खुर्चीकडून कळली. बी रुजून वर आलेल्या रोपाला दोन-चार पाने असतात. त्यातले एखादे चुरगळले तरी रोप दुसरे पान काढते. खोड मात्र एकच असते आणि त्या वयात ते इतके कोवळे असते की चिमटीच्या दाबाने आतल्या पाणी वाहून नेणाऱ्या नलिका चेपल्या, तर दुसऱ्या दिवशी रोप मान टाकते. म्हणून रोप नेहमी पानाला धरून उचलायचे. जो माणूस रोज रोपे लावतो त्याचा हात आपोआप पानाकडे जातो. ज्याच्या हातात चित्रीकरणापुरते रोप दिलेले असते तो खोड धरतो, कारण ते धरायला सोपे वाटते. कुंडीतून झाड काढतानाही तसेच. जाणकार माणूस तळहात मातीवर पसरतो, खोड दोन बोटांच्या मध्ये घेतो, कुंडी पालथी करतो आणि तिची कड कशावर तरी हलकेच आपटतो. झाड मातीच्या गोळ्यासकट हातात उतरते. झाडाची शेंडी धरून ओढणारा माणूस पडद्यावर दिसला, की सासूबाईंचा चेहरा एखाद्या मुलाला कान धरून उचलल्यासारखा व्हायचा.

त्यांच्या शेजारी बसून मी तीस वर्षे असे कार्यक्रम पाहिले. सासूबाई 2021 मध्ये गेल्या. पण बागकामाच्या कार्यक्रमांबद्दल आणि ते सादर करणाऱ्यांबद्दल प्रेक्षक काय म्हणतात, हा विषय निघाला की मला अजूनही आधी त्यांचेच मत आठवते, आणि मग इतरांचे. प्रेक्षकांची मते लोक सहसा आवडी-निवडी म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. स्वयंपाकाचा कार्यक्रम फसला तर एक भाजी वाया जाते. बागेचा सल्ला चुकला तर वर्ष जाते, कधी कधी पंधरा वर्षांचे झाड जाते. त्या माणसाचे ऐकावे की नाही, हा प्रेक्षकापुढचा प्रश्न खरा असतो.

आपल्याकडे हे कार्यक्रम कुंडीसाठी सुरू झालेच नव्हते. दिल्ली दूरदर्शनवर 26 जानेवारी 1967 रोजी 'कृषी दर्शन' सुरू झाले ते आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी. आमच्या बाजूला 1975 मध्ये खेडा जिल्ह्यात नडियादजवळच्या पीज गावी प्रक्षेपण केंद्र उभे राहिले आणि इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रातली मंडळी गावोगाव फिरून, तिथल्याच माणसांना बोलते करून कार्यक्रम बनवू लागली. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचे सासर पेटलादला होते. पेटलाद म्हणजे जुन्या बडोदे संस्थानाचाच मुलूख. तिथे 1977 च्या सुमारास एका ओटीवर गावकऱ्यांसोबत बसून त्यांनी असा एक कार्यक्रम पाहिला होता, आणि त्यातली एकच गोष्ट त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या: पडद्यावरची बाई ओटीवरच्या बायांसारखेच बोलत होती, त्या भागातला चरोतरी हेल काढून, आणि बोलताना तिने हातातले काम थांबवले नव्हते. या उपक्रमाला 1984 मध्ये युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला, हे मला फार नंतर वाचायला मिळाले. सासूबाईंनी तो त्या दिवशीच देऊन टाकला होता.

नंतर आमच्या घरी केबल आली आणि मुंबईचे दूरदर्शन दिसू लागले. 'आमची माती आमची माणसं' हे नाव ऐकून त्या हरखून गेल्या, आणि पुढे ईटीव्ही मराठीवर पहाटे 'अन्नदाता' लागे तेव्हा चहाचा कप घेऊन त्या समोर बसलेल्या असत. अडचण मापाची होती. तिथे सगळे हेक्टरी सांगत. हेक्टरी शंभर किलो अमुक खत टाका, असे तज्ज्ञ सांगत, आणि सासूबाई माझ्याकडे वळून विचारत, "माझ्या कुंडीला किती?" मी एकदा वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला दहा ग्रॅम. आणि तीस सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीचे तोंड जेमतेम सात शतांश चौरस मीटर. उत्तर आले पाऊण ग्रॅमच्याही आत. "म्हणजे चिमूटही नाही, अर्धी चिमूट," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या काकूंना तेच सांगायला गेल्या, कारण काकू त्याच कार्यक्रमावरून चमचा-चमचा खत घालत होत्या. शेतीच्या कार्यक्रमांवर माझी तक्रार नाही. ते ज्यांच्यासाठी होते त्यांना ते कळत होते. पण शहरात गच्चीवर झाडे लावणाऱ्या माणसाला कितीतरी वर्षे दुसऱ्याच्या जेवणाच्या पंगतीतून आपल्यापुरते ताट वाढून घ्यावे लागले, आणि त्या सवयीने आमच्यासारखे प्रेक्षक चौकस झाले असावेत.

मग गच्चीच्या बागेचे कार्यक्रम आले, आणि त्यांतल्याच एकाने आमचा मोगरा गेला.

वाहिनीचे आणि निवेदकाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. निवेदक तरुण होता, आवाज गोड होता, माहिती भराभर सांगत होता. फुले भरपूर यायची असतील तर मोहरीच्या पेंडेची मूठभर भुकटी कुंडीतल्या मातीत मिसळा, असे त्याने सांगितले, आणि मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती मिसळली. कच्ची पेंड मातीत कुजताना तापते; थंडीच्या दिवसांत मोठ्या वाफ्यात ते खपून जाते, पण एप्रिलमध्ये बडोद्याच्या गच्चीवर आधीच भाजून निघालेल्या कुंडीत मुळांना पळायला जागा नसते. आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या, पंधरा दिवसांत फांद्या वाळल्या. तो मोगरा सासूबाईंनी माहेराहून फांदी आणून वाढवला होता. त्या मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी मला तो भाग पुन्हा लावायला सांगितला, नेहमीप्रमाणे आवाज बंद करून पाहिला, आणि शांतपणे विचारले, "अगं, त्याने स्वेटर घातलाय. तू बघितलं नाहीस?"

मी खरोखरच पाहिले नव्हते. ऐकत होते. त्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता, मागच्या कुंड्यांत शेवंती फुललेली होती आणि उन्हाची तिरीप लांब पडली होती. तो डिसेंबरात, बहुधा उत्तरेत कुठेतरी बोलत होता, आणि त्याच्या तिथे, त्या महिन्यात, त्याचे म्हणणे कदाचित बरोबरही असेल. ते महिना आणि गाव न सांगता सांगितले गेले, एवढाच त्याचा दोष. पण त्या एवढ्याशा दोषाची किंमत माझ्या सासूबाईंच्या माहेरच्या मोगऱ्याने भरली. तेव्हापासून कोणताही कार्यक्रम पाहताना मी आधी निवेदकाचे कपडे पाहते आणि सावलीची लांबी पाहते.

हे दुखणे नवे नाही, हे मला बडोद्याच्या कमाटीबागेत फिरताना नेहमी जाणवते. सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये विश्वामित्रीच्या काठी ही बाग उभी केली. पुढे 1893 मध्ये त्यांनी लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेल्या गुस्ताव्ह क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाला संस्थानात बोलावून घेतले. क्यूमध्ये काम केलेला माणूस इथे पहिल्यांदा मे महिना पाहतो, तेव्हा त्याचे निम्मे ज्ञान त्याला बाजूला ठेवावे लागत असणार. तो इथे राहिला, इथला पाऊस आणि इथली माती पाहिली, आणि 1908 मध्ये बंगळूरच्या लालबागेकडे गेला. राहणे हा त्यातला मोठा भाग आहे. गुलाबाचेच घ्या. इंग्लंडमधले निवेदक छाटणी हिवाळा सरता सरता, फेब्रुवारी-मार्चमध्ये करायला सांगतात, कारण तिथे त्यानंतर झाड जागे होते. आमच्याकडे दसरा झाला की ऑक्टोबरात कात्री बाहेर निघते आणि दीड-दोन महिन्यांत फुले येतात. मार्चमध्ये इथे गुलाब छाटणे म्हणजे कोवळी फूट थेट उन्हाळ्याच्या तोंडी देणे. दोन्ही सल्ले आपापल्या जागी खरे आहेत, आणि पडद्यावर मात्र दोन्ही एकाच आवाजात, एकाच खात्रीने ऐकू येतात.

आम्ही दहा-बारा जणी महिन्यातून एकदा कोणा ना कोणाच्या गच्चीवर जमतो. कोणी मांजलपूरची, कोणी कारेलीबागेतली, निम्म्या मराठी, निम्म्या गुजराती. कलमे, बिया आणि मते यांची देवघेव होते, आणि मते नेहमी सर्वांत जास्त असतात. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत, त्यांना निवेदकाने कमीत कमी बोललेले आवडते. किती माती, किती वाळू, किती शेणखत, कोणत्या महिन्यात, एवढे सांगावे आणि जावे. त्यांच्या अगदी उलट आमच्या एक वहिनी. त्यांचे यजमान गेल्यावर त्या झाडांकडे वळल्या, आणि त्यांना निवेदकाने घटकाभर नुसते झाडाशेजारी बसलेले दाखवले तरी चालते. "माहिती तर कुठेही मिळते, सोबत मिळत नाही," असे त्या एकदा म्हणाल्या तेव्हा काकूही गप्प बसल्या होत्या. एका तरुण मुलीला गुजरातीत बोलणारी, स्वतःच्या बाल्कनीत उभी राहून सांगणारी निवेदिका आवडते, कारण ती 'ऑरगॅनिक मॅन्युअर' न म्हणता सरळ 'छाणियुं खातर' म्हणते आणि शेजारून कुकरची शिट्टी ऐकू येते. मला तिचे म्हणणे पूर्ण पटते. ज्या शब्दाने आपण ती वस्तू माळीकाकांकडे मागतो, तोच शब्द कानावर आला की सल्ला आपल्या गच्चीवर उतरतो.

एका बाबतीत मात्र आमच्यात कधी मतभेद होत नाही. निवेदकाने हातात बाटली घेतली आणि तिची चिठ्ठी कॅमेऱ्याकडे वळवली, की सगळ्यांचे चेहरे एकदम बंद होतात. पिठ्या ढेकूण घालवायला लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे थेंब पुरतात, हे सगळ्यांना ठाऊक असताना तो माणूस एका विशिष्ट नावाच्या औषधाची शिफारस करतो, तेव्हा त्याच्या आधीच्या वीस भागांतले सगळे सल्ले आम्ही मनात पुन्हा तपासू लागतो. या एका बाबतीत इंग्लंडमधला जुना किस्सा मला फार बोलका वाटतो. बीबीसीचे 'गार्डनर्स वर्ल्ड' जानेवारी 1968 मध्ये सुरू झाले आणि त्याचा पहिला मोठा चेहरा पर्सी थ्रोअर हा होता. पाइप ओढणारा, कोट काढून खुंटीला लावून कामाला लागणारा, साऱ्या देशाचा माळी. 1976 मध्ये त्याने आयसीआय या रसायनांच्या कंपनीच्या जाहिराती व्यापारी वाहिनीवर करायचे ठरवले आणि बीबीसीने त्याला कार्यक्रमातून काढले. इंग्लंडात लेस्टरला राहणाऱ्या माझ्या मुलीला हे फार कडक वाटते. मला नाही वाटत. तो प्रामाणिक माणूस होता आणि त्याने सांगितलेली औषधे तो स्वतः वापरतही असेल. पण ऐकणाऱ्याच्या मनात 'हे का सांगतोय' असा प्रश्न एकदा शिरला की पुढे ऐकणे थांबते, आणि ते पुन्हा सुरू करून देण्याचा उपाय कोणाकडेच नसतो.

मुलीच्या घरी मी 2018 च्या उन्हाळ्यात चार महिने होते. तिची शेजारीण, एकटी राहणारी सत्तरीची बाई, दर शुक्रवारी संध्याकाळी आम्हाला तो कार्यक्रम पाहायला बोलवी. तिच्या तक्रारी ऐकून मला आमच्या गच्चीवर बसल्यासारखे वाटे. मधमाश्या फार संथ करून दाखवतात. संगीत नको तिथे वाजते. ज्यांच्याकडे एकरभर जागा आणि मदतीला माणसे आहेत त्यांच्या बागा आमच्या दारच्या दहा फुटांना काय उपयोगाच्या. आणि निवेदकाच्या कुत्र्यावर कॅमेरा फार रेंगाळतो. कुत्र्याचे नाव नायजेल होते. तो 2020 च्या मे महिन्यात गेला, तेव्हा त्याच शेजारणीने माझ्या मुलीला रडत फोन केला होता. लोकांची मते अशीच असतात. तक्रार आणि माया एकाच ताटात वाढलेली असतात, आणि त्यातली एक वेगळी काढून मोजली तर हाती काही लागत नाही.

त्या वेळी निवेदक होता माँटी डॉन, आणि त्याच्याबद्दल तिथे जितके उलटसुलट ऐकले तितके दुसऱ्या कोणाबद्दल नाही. त्याच्या आधीचे प्रमुख निवेदक रीतसर उद्यानविद्या शिकलेले; हा स्वतःच्या हाताने शिकलेला, आधी दागिन्यांचा व्यवसाय करून त्यात बुडालेला, मनाच्या आजाराबद्दल उघडपणे बोलणारा. 2003 मध्ये तो आला, 2008 मध्ये आजारपणामुळे थांबला आणि 2011 मध्ये परत आला तो हेरिफर्डशरमधल्या आपल्या स्वतःच्या लाँगमेडो या बागेत कॅमेरे घेऊन. शिकलेला नाही, तत्त्वज्ञान फार सांगतो, कामाचे कमी सांगतो, असे म्हणणारे बरेच भेटले. मी शिक्षिका असल्यामुळे शिक्षणाची बाजू घेणे मला स्वाभाविक वाटते, आणि तरीही मी या माणसाच्या बाजूची आहे. त्याचे कारण त्याने दाखवलेली फुले नव्हेत. त्याच्या बागेतल्या बॉक्स नावाच्या झुडपांच्या जुन्या, वर्षानुवर्षे कातरून आकार दिलेल्या कुंपणांना बुरशीचा रोग लागला, तेव्हा त्याने तो लपवला नाही; पाने झडलेली, तपकिरी पडलेली झुडपे त्याने कॅमेऱ्यासमोर दाखवली, उपाय करून पाहिले, आणि शेवटी ती उपटावी लागली तीही दाखवली. त्या बागेत नदीचे पाणी शिरते, तेही लोकांना दिसते.

ही गोष्ट मला 2024 च्या ऑगस्टअखेर आठवली. विश्वामित्रीला पूर आला, बडोद्याच्या कितीतरी वस्त्यांत दोन-दोन, तीन-तीन दिवस पाणी साचून राहिले, रस्त्यावर मगरी आल्या, आणि आमच्यातल्या ज्यांच्या बागा अंगणात होत्या त्यांच्याकडे पाणी ओसरल्यावर बोटभर गाळाखेरीज काही दिसत नव्हते. कोणत्याही कार्यक्रमात त्या आठवड्यात याबद्दल शब्द नव्हता. तिथे पावसाळ्यात फुलणाऱ्या दहा झाडांची यादी चालू होती. काय करायचे ते आम्हीच एकमेकींना विचारून ठरवले. गाळ आधी खरवडून काढायचा, कारण तो मातीचे तोंड बंद करतो आणि मुळांना हवा मिळत नाही. कुंडीची भोके मोकळी करायची. खत मुळीच घालायचे नाही, मुळे आधीच गुदमरलेली असतात. आणि पाने गळाली म्हणून लगेच झाड टाकायचे नाही, खोडाची साल नखाने किंचित खरवडून आत हिरवे आहे का ते पाहायचे. वहिनींच्या कढीपत्त्याला सतराव्या दिवशी फूट आली. सोनचाफा मात्र गेला. ज्याच्या स्वतःच्या बागेत पाणी शिरले आहे असा एखादा निवेदक त्या दिवसांत आमच्या भाषेत आमच्याशी बोलायला हवा होता, असे मला फार वाटले.

घाईच्या कार्यक्रमांबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. 1997 ते 2005 या काळात बीबीसीवरच 'ग्राउंड फोर्स' चालले. घरमालक बाहेर असताना दोन दिवसांत अख्खी बाग उभी करून द्यायची आणि परतल्यावर त्याचा चेहरा टिपायचा. तसे कार्यक्रम आता सगळीकडे आहेत, आमच्याकडेही आहेत, आणि आमच्यातल्या तरुण मुलींना ते उत्साह देतात हे मी नाकारत नाही. माझ्या मुलीने असा एक भाग सासूबाईंना दाखवला होता. उजाड अंगणात संध्याकाळपर्यंत फुललेले वाफे आले, फरशा आल्या, कारंजे आले, घरची बाई रडली. सासूबाईंनी सगळे नीट पाहिले. मग विचारले, "पुढच्या वर्षी परत जातात का हे तिथे?"

हा प्रश्न त्या सगळ्यांबद्दल विचारत. एखाद्या निवेदकाने जूनमध्ये आंब्याचे कलम लावलेले त्यांनी पाहिले असेल, तर दिवाळीत त्या अचानक विचारत, त्या कलमाचे काय झाले. त्या माणसाने तेव्हापासून वीस नवी झाडे लावलेली असत आणि त्या कलमाकडे वळूनही पाहिलेले नसे. ते जगले की नाही हे न कळण्याची त्यांना खरी टोचणी लागे, पाहुण्याच्या मुलाला ताप होता आणि मग पत्रच आले नाही, तशी. मला वाटते, प्रेक्षकांच्या सगळ्या बारीकसारीक कुरकुरींच्या तळाशी हाच प्रश्न आहे. फार सुंदर बाग दाखवतात, फार लवकर होते, निवेदक सारखा जागा बदलतो, सारखी नवी कुंडी असते, या सगळ्यांत माणूस हेच म्हणत असतो की तुम्ही लावलेले ते झाड मला पुन्हा दाखवा. 2020 च्या टाळेबंदीत 'गार्डनर्स वर्ल्ड'ने प्रेक्षकांनी स्वतः काढलेली आपापल्या बागांची चित्रणे दाखवायला सुरुवात केली, ती लोकांना इतकी आवडली यात मला नवल वाटले नाही. ती माणसे आपले झाड सोडून कुठे जाणार नव्हती.

सासूबाईंचा सर्वांत आवडता बागवाला इंग्रजच होता, आणि त्यांनी त्याला पाहिले तेव्हा तो जाऊन बरीच वर्षे झाली होती. जेफ हॅमिल्टन हे त्याचे नाव. 1979 पासून तो 'गार्डनर्स वर्ल्ड' करत होता आणि 4 ऑगस्ट 1996 रोजी वेल्समध्ये एका मदतनिधीसाठी सायकल चालवत असताना हृदयविकाराने गेला. साठीही पुरी झाली नव्हती. नातीने त्याचे जुने भाग इंटरनेटवरून टीव्हीवर लावून दिले होते. आवाज अर्थातच बंद. तो रोप पानाला धरत होता. पण सासूबाई भाळल्या त्या त्याच्या सुतारकामावर. स्वस्तातल्या फळ्या कापून तो रोपांच्या पेट्या, वेलींचे मांडव स्वतः करायचा. विकत घेण्याऐवजी घरात काय पडले आहे ते पाहायचा. त्या त्याला 'सुतार' म्हणत. "सुताराचं लाव गं," अशी दुपारची फर्माईश असे. एका मालिकेत त्याने खेडेगावच्या घराच्या दोन बागा केल्या होत्या, एक पैसेवाल्याची आणि एक कारागिराची, कमीत कमी खर्चात. सासूबाईंना दुसरीच पाहायची असे.

त्याची बाग रटलंडमध्ये बार्न्सडेल इथे आहे, लेस्टरहून फार लांब नाही, आणि ती लोकांना पाहायला खुली आहे. 2018 च्या जुलैमध्ये मुलीने मला तिथे नेले. पडद्यावर जे कोपरे स्वतंत्र वाटायचे ते तिथे एकमेकांना लागून होते, छोट्या छोट्या बागा, एकीतून दुसरीत जाणाऱ्या वाटा. कारागिराची बाग मी लगेच ओळखली. त्या वर्षी तिथे कित्येक आठवडे पाऊस नव्हता, गवत पिवळे पडले होते, आणि इंग्लंडमध्ये असूनही मला बडोद्याच्या मार्चची आठवण येत होती. वाफे मात्र भरलेले होते. एक लाकडी मांडव काळपट पडला होता, त्याची एक फळी नवी बसवलेली दिसत होती, आणि त्यावर गुलाब चढलेला होता. मी बराच वेळ तिथल्या बाकावर बसले.

मग मी घरी फोन लावला. बडोद्यात संध्याकाळ झाली होती. सासूबाई तेव्हा अठ्ठ्याऐंशीच्या होत्या आणि फोन कानाला धरायला त्यांना मदत लागे. मी म्हटले, आई, तुमच्या सुताराच्या बागेत बसले आहे. तो गेला त्याला बावीस वर्षे झाली, पण मांडव उभा आहे, वेल आहे, भाजीचे वाफे आहेत, तुम्ही पाहिलेले सगळे जगले आहे.

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, "पाणी कोण घालतं गं?"

मी मान वर करून पाहिले. वाटेच्या टोकाला विशीतली एक मुलगी नळी ओढत येत होती. तिने वाफ्याशी उकिडवे बसून नळीचे तोंड पानांच्या खाली, मुळाशी धरले. मी सासूबाईंना तसेच सांगितले.

"मुळाशी ना?" त्यांनी पुन्हा विचारून घेतले.

"हो, मुळाशी."

"बरं मग," त्या म्हणाल्या, आणि फोन मुलाकडे दिला.